उणे वीसमध्ये बनियनचे काय करावे?

जानेवारीत लेहला किंवा झंस्करच्या गोठलेल्या नदीवर चादर ट्रेकला कोणी निघाले, की घरात तातडीची सभा भरते. सभेला आत्या, वरच्या मजल्यावरचे काका आणि एकदा महाबळेश्वरला काकडून आलेला मावसभाऊ असे तज्ज्ञ हजर असतात. "दोन स्वेटर जास्त घे," हा ठराव एकमताने मंजूर होतो. अंगाला चिकटून काय घालायचे, हा विषय मात्र पटलावर येतच नाही. तिथे बनियन असतो आणि तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन.

पायरी पहिली : बनियनला निरोप द्या. पाठीवर ओझे घेऊन बर्फावर चालताना उणे पंधरातही घाम फुटतो. सुती कापड तो पिते आणि लवकर सोडत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे चालताना काही जाणवत नाही, पण चहाला थांबलात की पाठीत कळ जाते. वर पिसांचे महागडे जॅकेट आणि आत ओले फडके, अशी तेव्हा आपली अवस्था असते. सुती चड्डीलाही हेच कलम लागू आहे. ती कोणाला दिसत नाही, ही सबब घाम ऐकून घेत नाही.

पायरी दुसरी : स्थळे पाहा. मुख्य स्थळे दोन. मेरिनो लोकर घरंदाज. तिचा धागा साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा, म्हणून टोचत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पोटात घेऊनही ती ऊब देते आणि चार दिवस घातली तरी वास येत नाही. तंबूत तिघे झोपणार असाल तर हा गुण पत्रिकेत सर्वात वर मांडावा. दोष असे : महाग, सावकाश वाळणारी आणि कपाटात कसर लागणारी. दुसरे स्थळ पॉलिस्टर. कष्टाळू, स्वस्त, पाणी जवळपास न पिणारे, झटपट वाळणारे. मात्र दुसऱ्या संध्याकाळी ते तंबूत आल्याचे न बघताही कळते. पाकिटावर ठसठशीत अक्षरांत 'थर्मल' लिहिलेले असले तरी आतले लेबल वाचा. बारीक अक्षरांत 'कॉटन' दिसले तर नमस्कार करून उठा.

पायरी तिसरी : जाडी ठरवा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. दिवसभर चालणार असाल तर दीडशे ते दोनशे पुरे. अडीचशेच्या पुढचे कापड बसून राहणाऱ्यांसाठी आणि फोटो काढून घेणाऱ्यांसाठी.

पायरी चौथी : माप घ्या. कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपली परंपरा इथे मोडावी लागते. ढगळ थर्मल घाम टिपत नाही आणि ऊबही धरत नाही. ट्रायल रूममध्ये बुटाची नाडी बांधल्यासारखे खाली वाका. कंबरेवर उघडी पट्टी दिसली तर तो सदरा परत करा, कारण वारा नेमका तिथूनच शिरतो. हात वर करून मनगटेही तपासा. दुकानदार रोखून पाहील, पाहू द्या. मात्र कातडीवर वळ उठतील इतके घट्टही घेऊ नये. एकावर एक तीन थर्मल चढवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की ऊब थरांत अडकलेल्या हवेत असते; हवेलाच जागा नसेल तर उरते ती नुसती कुचंबणा.

पायरी पाचवी : केवळ बनियननिष्ठांसाठी. १९३३ मध्ये हेन्रिक ब्रून या नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्याचा बनियन करून घातला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तसले जाळीदार बनियन होते. भोकांत हवा अडकते आणि घामाला वाट मिळते. आज ते मेरिनोचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे मिळतात. वर दुसरा थर मात्र हवाच. नुसता जाळीचा बनियन घालून गॅलरीत पेपर वाचत उभे राहणे ही वेगळी परंपरा आहे.

पायरी सहावी : निघताना थोडे कुडकुडा. पहिल्या दहा मिनिटांत गारठा जाणवला पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल तर चढावर घाम ठरलेला. घाम फुटण्याआधी एक थर उतरवा, गळ्याची चेन उघडा. थांबताक्षणी जॅकेट चढवा. आईचा फोन आला तर "हो, दोन्ही स्वेटर घातलेत," असे सांगून मोकळे व्हा.

तेव्हा जॅकेटच्या किमतीवर घासाघीस करण्याआधी आतल्या कपड्यांचे पैसे बाजूला काढा. जोड दोन घ्या : एक चालायला, एक फक्त झोपायला. झोपायचा जोड पिशवीत कोरडा ठेवा आणि दिवसा जिवलग मित्राने मागितला तरी देऊ नका.