हनुवटी थोडी वर

आमदाराला दोन मिनिटं गप्प बसवणं पक्षालाही जमत नाही. तालुक्याच्या फोटोग्राफरला ते जमतं. "साहेब, हनुवटी वर. अंहं, एवढी नको." साहेब निमूट ऐकतात.

एस.टी. स्टँडसमोरच्या अरुंद जिन्यानं वर गेलं की याचा स्टुडिओ. पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, आरशाशी फणी नि पावडरचा डबा, खुंटीला एक काळा कोट. अर्धा तालुका या कोटात ग्रॅज्युएट झाला. कोट सगळ्यांनाच ढगळ. पण पाठीला कपड्यांचे चिमटे लावले की समोरून बॅरिस्टर!

हसण्याचा त्याला मनस्वी राग. यशिकाच्या रोलवर बाराच फोटो निघत, आणि हसणारा माणूस हलतो. कॅमेरा बदलला, राग राहिला. आधार कार्डावरचे फोटो बघून मात्र त्याचा जीव तुटतो. "पोलीससुद्धा चोराचा फोटो याहून आपुलकीनं काढतात," म्हणतो.

'दाखवायच्या' फोटोत त्याची खरी कला. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवली की कागदावर चेहरा उजळतो. याची पेन्सिल जरा सढळच. एकदा वरपिता भांडायला आला, तर हा शांतपणे म्हणाला, "फोटो मी दिला. मुलगी त्यांनी दिली. तक्रार तिकडे करा."

लग्नात भटजीही याच्या हाताखाली. मुंडावळ्या आड आल्या म्हणून मंगळसूत्र दुसऱ्यांदा घालायला लावतो, मुहूर्त गेला तरी. धंद्याची बाकीची कामं म्हणजे चेअरमनच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, मिठाईवाल्याची जाहिरात. ग्लिसरीन लावून चमकवलेले ते पेढे पुढं विकले गेले, असं गाव म्हणतं. आपण कशाला बोला!

पण भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे मेलेलं. हालत नाही, हसत नाही. एका घरचे आबा गेले. फोटो एकच, तोही पंगतीत जिलबी वाढतानाचा. यानं हातातलं ताट पुसलं, पटका नीट केला. थोरला मुलगा म्हणाला, "खांद्यावरचा तो हातही काढा. चुलत्यांचा आहे, कोर्टात केस चालू आहे."

"हाताचे पन्नास वेगळे."

दोन दिवसांनी चुलते स्वतः जिना चढून आले. "आमच्या कॉपीत हात राहू द्या. वकिलांनी मागितलाय."

"राहू देतो की. ठेवायचेही पन्नासच."