तोळामासा पैलवान

ऐकलंत का? आमच्या बंगळुरात सध्या सुशिक्षित, पगारदार, चांगल्या घरची मुलं थुंकतायत. रस्त्यावर नव्हे, बाटलीत. तोंडात आंबट गोळी धरायची, सुटलेली लाळ बाटलीत जमा करायची आणि बाटलीवरच्या रेघा बघून हरखून जायचं, की चला, पन्नास ग्रॅम तरी गेले! एचएसआर लेआउट, कोरमंगला, इंदिरानगर, जिथे बघाल तिथे जिऊ-जित्सूचे वर्ग निघालेत आणि स्पर्धा जवळ आली की हा प्रकार सुरू होतो. एका हातात कंपनीचा लॅपटॉप, दुसऱ्या हातात थुंकीची बाटली. अशा मुलाचं स्थळ सांगून आलं तर आधी पगार विचारायचा की वजन?

जिऊ-जित्सू म्हणजे जमिनीवरची कुस्ती समजा. मूळ जपानचं, वाढलं ब्राझीलमध्ये. जाड सुती अंगरखा घालायचा, त्याला गी म्हणतात, एकमेकांची कॉलर धरून लोळायचं, आणि हात पिरगळला गेला की समोरच्याच्या अंगावर थापटी मारून हार कबूल करायची. यात वाईट काहीच नाही. मे २०२३ मध्ये फेसबुकवाले मार्क झुकरबर्ग स्वतः कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत उतरून पदकं घेऊन आले, तेव्हा आमच्या स्टार्टअपवाल्यांना काय स्फुरण चढलं असेल ते वेगळं सांगायला नको. लोळा की खुशाल! माझी तक्रार लोळण्याबद्दल नाहीच, लोळण्याआधी खालच्या वजनगटात बसायची धडपड चालते त्या आठवड्याबद्दल आहे.

त्या आठवड्यात काय काय चालतं! भर उन्हात गच्चीवर प्लॅस्टिकचा सूट घालून दोरीवरच्या उड्या. क्लबहाऊसच्या वाफेच्या खोलीत तासन् तास मुक्काम. फ्लॅटमध्ये बाथटब नाही म्हणून कपडे भिजवायच्या टबात कढत पाणी आणि मीठ घालून त्यात मुटकुळं करून बसणं. दिवाळीच्या फराळासाठी घेतलेला आईचा काटा न्हाणीघरात गेलेला. आणि पाण्याचं तर विचारूच नका. मार्च २०२४ मध्ये या शहरात पाण्याची अशी बोंब झाली होती की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड होता. त्याच शहरात हे वीर आधी चार दिवस आठ-आठ लिटर पाणी रिचवतात आणि मग एकाएकी घोटभरही घेत नाहीत. का, तर शरीराला म्हणे पाणी बाहेर टाकायची सवय लागते आणि नळ बंद केला तरी ते टाकत राहतं. टँकरवाल्याला हे कळलं तर तो काय म्हणेल?

पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तालीम येते, घोटलेल्या बदामांची थंडाई येते, खुराक येतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबागेत गर्दी जमायची ती खाल्लेलं अंगी लागलेले मल्ल बघायला. इथे म्हैसूरला दसऱ्यात राजवाड्याच्या आवारात वज्रमुष्टीची, म्हणजे मुठीत शस्त्र धरून, लढत होते, त्यातले काही जेट्टी, म्हणजे मल्ल, बंगळूरहूनच जातात. डोक्याचा गोटा केलेला, रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत संपली. लोक त्यांच्या गोट्यांबद्दल बोलतात, किलोंबद्दल नाही. आणि आमचे हे नवे मल्ल बघा! दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, गेले तर बाय-टू कॉफीतली अर्धी कॉफीसुद्धा समोरच्याकडे सरकवतात. वॉचमनने नेहमीसारखं ‘ऊटा आयता?’ म्हणून जेवणाची चौकशी केली तर डोळ्यांत पाणी येतं. तेवढंच पाणी बाहेर पडलं, असंही म्हणत असतील.

कुणाचं बघून हे चाललंय, तेही सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीगीर अमन सेहरावतने उपांत्य फेरी हरल्यावर काटा बघितला तर ६१.५ किलो. सकाळी हवेत ५७. रात्रभर मॅटवर झटापट, गरम पाण्याची अंघोळ, ट्रेडमिल, सॉना. सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवून पठ्ठ्या ५६.९ वर आला आणि कांस्यपदक घेऊन गेला. त्याच्या दोनच दिवस आधी विनेश फोगाटची तीच धडपड १०० ग्रॅमनी फसली होती. तिने तर केससुद्धा कापले होते. अख्खा देश त्या १०० ग्रॅमपायी हळहळला. त्या पोरांची मी थट्टा करणार नाही. त्यांच्यामागे प्रशिक्षक होते, डॉक्टर होते, आयुष्यभराची मेहनत होती, पुढे ऑलिंपिकचं पदक होतं. पण त्या रात्रीची हकीकत पेपरात वाचून आमच्या इथल्या पांढऱ्या पट्ट्याच्या नवशिक्यांनी पाककृतीसारखी उतरवून घ्यावी? वर्ग लावून सहा महिने झालेले नाहीत, गटात मोजून तीन स्पर्धक, तिसरा आला तरी पदक, आणि त्यासाठी हा वाफेच्या खोलीत चक्कर येऊन पडणार!

आता खरी भानगड ऐका. ऑलिंपिकच्या कुस्तीत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, मग मध्ये थोडे तास तरी मिळतात. ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयबीजेजेएफच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेत वजन होतं ते थेट पहिल्या लढतीच्या तोंडावर. काट्यावरून उतरलात की मॅटवर. पाणी प्यायला, पोटात काही घालायला वेळच नाही. संधी एकच, काटा सरकला की बाद. वर वजन होतं अंगरख्यासकट! पुरुषांचा ७० किलोचा गट म्हणजे तो दीड-दोन किलोंचा गी अंगावर धरून ७०. घरी उघड्या अंगाने ६९.८ बघून नाचलेले महाभाग गी चढवून काट्यावर उभे राहतात तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. म्हणजे घाम काढून, थुंकून, उपाशी राहून जे काही मिळवलं ते जसंच्या तसं मॅटवर न्यायचं: सुकलेलं तोंड, धडधडणारं काळीज, पायांत गोळे. आणि गंमत म्हणजे समोरचाही तेच करून आलेला. दोन वाळवणं एकमेकांवर पडलेली बघायला आम्ही तिकीट काढायचं! काही स्पर्धांत वजन आदल्या दिवशी होतं, तिथला हिशेब वेगळा. पण नियमावलीचं पान उघडून वजन कधी आणि कशात, एवढं वाचायला काय जातं? फोनच्या करारातली बारीक अक्षरं वाचणारी मुलं ही.

थट्टा घटकाभर बाजूला ठेवते. घाम काढून वजन उतरवलं की रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि अंग थंड ठेवायला घामच उरत नाही. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की दम आणि डोकं दोन्ही मंदावायला लागतात. सोडियम-पोटॅशियमचा तोल गेला तर हृदयाची लय बिघडते. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर साधारण महिन्याभरात वजन उतरवताना दगावले. रबरी सूट घालून तापलेल्या खोलीत व्यायाम करणं, हाच तो प्रकार. त्यानंतर तिथे कॉलेजच्या कुस्तीत सॉना, रबरी सूट आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आली, आणि हंगामाआधी शरीरात पाणी पुरेसं आहे ना, हे तपासून किमान वजन ठरवायची पद्धत सुरू झाली. २०१५ मध्ये मनिलात एका चिनी लढवय्याचा असाच बळी गेला. लघवीच्या त्या गोळ्या तर उत्तेजकांच्या जागतिक बंदीयादीत आहेत. तरी ‘काकू, तुमची बीपीची गोळी तीच ना हो?’ असं कुणी गोड आवाजात विचारलं तर डबा कुलपात ठेवा.

मग काय, उतरवूच नये वजन? उतरवा ना, पण ते फार कंटाळवाणं काम आहे आणि त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. दोन महिने आधी सुरू करायचं. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, त्याहून घाई नाही. बहात्तरच्या माणसाला गीसकट सत्तरात बसायचं तर उघडं वजन साडेअडुसष्टच्या आत हवं, म्हणजे साडेतीन किलो. दोन महिन्यांत होतात आरामात. डाळ, अंडी, मासे, पनीर ताटात राहिले पाहिजेत, नाहीतर चरबीऐवजी ताकदच उतरते. भात-पोळी कमी केली की पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, त्याने हुरळायचं नाही. स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, ते गेलेलं असतं.

शेवटच्या तीन-चार दिवसांची युक्ती मात्र अशी आहे की घराघरांत त्यावरून रामायण झालंय. या दिवसांत चोथा कमी करायचा. आतड्यांत अन्न कमी साठतं आणि पाण्याला हात न लावता अर्धा-एक किलो उतरतो. ऐकायला सोपं. पण ज्या आईने जन्मभर ‘कोशिंबीर खा, पालेभाजी खा’ म्हणून जीव काढला, तिला पोरगा येऊन सांगतो, ‘आई, आता भाजी नको, कोशिंबीर नको, भाकरी नको, नाचणीचे गोळे नकोत. पांढरा भात दे, दही दे, अंडं दे.’ लोणचं-पापडही नको, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. त्या माउलीला वाटतं, पोराला परधर्मात घेतलं. माझ्या माहितीतल्या एका घरी तर आजीने दृष्ट काढली. बरं, ही एवढीच युक्ती सगळ्यात निरुपद्रवी, आणि तिच्यावरच सगळ्यात मोठा गहजब! वाफेच्या खोलीबद्दल मात्र त्याच घरात कौतुक, ‘घाम गाळतो हो बिचारा.’

आदल्या दिवशी वजन असेल तर पुढचा अध्याय म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. काट्यावरून उतरायचं ते थेट लोण्यात न्हायलेल्या डोशांवर. दोन डोसे, केसरीभात, वर थंड पेय. दुसऱ्या दिवशी मॅटवर त्याचं काय होतं ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. गेलेलं पाणी दीडपट करून भरायचं, पण घोट घोट, मीठ-साखर घातलेलं. दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी काय शोभेला ठेवलीय? सोबत भात, केळं, थोडं थोडं करून. आणि अठराच्या आतल्या मुलांनी या भानगडीत पडूच नये. त्यांची हाडं वाढतायत, त्यांचा गटही वाढू दे.

वाढू दे म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या! वरच्या गटात जायचं म्हणजे जणू इज्जतच गेली. अहो, खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. आमच्या बीडचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुलात ५७ ला सुवर्ण जिंकला आणि पुढच्याच वर्षी ६१ ला जागतिक कांस्य. दोघे वर गेले, कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने हेच केलं. तिचं वजन गीसकट साठ-एकसष्ट. सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या, दोन-अडीच किलो तर आहेत, घाम काढ आणि ५८.५ मध्ये ये. ती ६४ च्या गटात राहिली, सकाळी पोहे खाल्ले, जाऊन कांस्यपदक घेऊन आली. घरात आनंद झाला असेल ना? छे! प्रमाणपत्रावर छापून आलंय, ‘महिला, ६४ किलोखालील’. भिंतीवर लावलंय आणि आता हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई ते वाचणार. ‘खालील’ कोण वाचतंय हो, चौसष्टच वाचणार, असं आईचं म्हणणं. म्हणून त्यांनी पदकाची फीत चौकटीवर अशी अडकवली आहे की पदक नेमकं आकड्यावर येतं. मी गेले होते परवा. पदक बघायला म्हणून हातात घेतलं, तर त्यांनी लगबगीने पुढ्यात करंज्यांची बशी ठेवली.