विजय नगरातील हितचिंतकांस अनावृत पत्र

विजय नगर, जबलपूर येथील माझ्या समस्त हितचिंतकांस,



नोकरी सांभाळून मी एम.ए.चा प्रायव्हेट फॉर्म भरला, ही बातमी अहिंसा चौकापर्यंत माझ्याआधी पोचली. तेव्हापासून आपण माझ्या भवितव्याची जी काळजी वाहत आहात, तिच्याबद्दल जाहीर आभार मानणे मला भाग आहे. "अब इस उमर में, भाभीजी?" ही चौकशी हिंदीत झाली, "पगार वाढणार का गं?" ही मराठीत. दोन्हींचे उत्तर एकच: नाही. बढती नाही, इन्क्रिमेंट नाही, बदलीही टळणार नाही.

विषय तर आपल्याला अजिबातच पसंत पडला नाही. बी.एड. असते तर समजण्यासारखे होते, एलएल.बी. चालली असती. पदवीचे नाव भारदस्त आहे, प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व, पण माझा जीव मूर्तिकला आणि मंदिरांच्या पेपरांत अडकला आहे, हे कळल्यावर तळमजल्यावरच्या काकांनी विचारले, "म्हणजे पौरोहित्य करणार?" काकांना दोष कसा देऊ? आपल्याकडे शिक्षण म्हणजे विजेच्या खांबावर टांगलेला फोटो आणि त्याखाली रँक. मूर्तिशास्त्रात रँक येत नाही, आणि आली तरी माझा फोटो खांबावर कोण लावणार!

उपयोगाचेच म्हणाल, तर त्या बाबतीत आपल्या परिसराची परंपरा फार जुनी आहे. भेडाघाटच्या रस्त्यावरचे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. तिथे आपण सगळे संगमरवराची शिवलिंगे घ्यायला थांबतो, आणि पुढे जातो. त्याच्याच शेजारी करणबेलचे अवशेष. तिथले घडीव दगड रेल्वेच्या एका ठेकेदाराने पुलांसाठी उचलून नेले, असे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम लिहून गेला आहे. १८७०मध्ये मुंबई आणि कलकत्ता आपल्या जबलपुरात रुळांनी जोडले गेले, त्या काळातली ही दृष्टी. देवळाचा दगड बघत बसण्यापेक्षा त्यावरून गाडी नेलेली बरी! या ठेकेदाराचा पुतळा अहिंसा चौकात बसवावा, अशी माझी सूचना आहे. दगड मात्र दुसरीकडून आणावा लागेल.

याउलट आल्हणदेवी. कलचुरि राजा गयाकर्णाची ही राणी. नवरा गेलेला, मुलगा नरसिंह गादीवर. या बाईने कलचुरि संवत ९०७मध्ये, म्हणजे इ.स. ११५५मध्ये, भेडाघाटला शिवाचे मंदिर बांधवले. एवढ्यावर थांबली असती तर आपण तिला सुशील म्हटले असते. पण तिने शेजारी मठ बांधवला, बागा लावल्या आणि वर एक व्याख्यानशाला उभी केली. खर्चासाठी गावे तोडून दिली. नर्मदाकाठी, जंगलात, व्याख्यानशाला! हे सगळे तिच्या शिलालेखात आहे. तो लेख फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन पंडिताने वाचून छापला आणि ती शिळा न्यू हेवनला, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे गेली. तेव्हा मुलगा अमेरिकेत गेल्याचे पेढे वाटताना, जबलपूरहून तिकडे जाणारा तो पहिला नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे.

पाहुणे आले की आपण त्यांना भेडाघाटचा धुआंधार धबधबा दाखवता, नावेत बसवता, नावाड्याची यमके ऐकवता. टेकडीवरच्या योगिनींच्या देवळात मात्र नेत नाही, कारण शंभरावर पायऱ्या आहेत आणि वर "सगळ्या मूर्ती तुटक्याच". तुटक्या आहेतच. वर मोकळ्या आभाळाखाली गोल आवार, कडेने कोनाडे, मधोमध नंदीवर बसलेले गौरीशंकर. म्हणायला चौसष्ट योगिनी. कोनाडे मोजाल तर ८१ भरतात. बऱ्याच जणींचे हात गेले, नाके गेली, पण पायाशी नाव कोरलेले शाबूत आहे. महिषासुराला मारणारी देवी आपण लगेच ओळखतो. खाली बघावे तर 'श्री तेरंवा'. थोड्या अंतरावर हत्तीचे तोंड आणि अंग बाईचे, नाव 'श्री ऐंगिणी'. दहा दिवस घरी गणपती बसवणाऱ्या आपण मंडळींनी तिच्यासमोर कधी पाच मिनिटे उभे राहू नये, हे जरा अतीच झाले. ती कोण, इथे कशी आली, तिची पूजा कोण करत होते, एवढ्यासाठी माणूस दोन वर्षे घालवू शकतो. मी घालवणार आहे.

असले उद्योग मराठी घरात शोभत नाहीत, असेही कानावर आले. कोकणातल्या देवगड तालुक्यातून निघून नागपुरात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेव विष्णु मिराशींनी याच कलचुरींचे लेख एकेक वाचून काढले. त्या लेखांचा त्यांचा ग्रंथ १९५५मध्ये आला, आणि आपल्या शहराचा जुना इतिहास लिहायला बसणाऱ्याचे आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. मी तो रात्री ओट्याशी उभी राहून वाचते. त्यामुळे वरण दोनदा लागले, याची वार्ता आपल्यापर्यंत आली असेलच.

आता विनंती. परीक्षेच्या दिवसांत हळदीकुंकू, बारसे, भिशी यांची आमंत्रणे पाठवू नयेत. नोट्स मागू नयेत, कारण कोणी मागणार नाही. आणि "करून काय करणार?" हे विचारायचेच असेल, तर रविवारी सकाळी भेडाघाटच्या शेवटच्या पायरीवर येऊन विचारावे.

आपली,
वर्गात कधीच न दिसणारी एक विद्यार्थिनी

ता.क. : फी भरलेली आहे. ती परत मिळत नाही, मी खिडकीवर विचारून आले आहे.