कानसेन, बी. टेक.

हा माणूस लग्नाच्या पंगतीत ओळखू येतो. पानात जिलबी पडलेली असते आणि याचे कान पलीकडच्या मावशींकडे. "अगं ते हे... परवाची, नाही, तेरवाची... ती आपली गाडी किती वाजता गं सुटते?" बाकीचे म्हणतात, मावशी, मुद्द्यावर या. हा मात्र लगबगीने फोन काढतो. "मावशी, पुन्हा एकदा म्हणा ना. अस्संच!" मावशी सावरून बसतात आणि बातम्या दिल्यासारखं स्वच्छ वाक्य म्हणतात. याचा चेहरा पडतो. माल बिघडला.

माणसांचे आयत्या वेळचे प्रश्न संगणकाला समजावणं हा याचा धंदा. कागदावरून वाचलेल्या वाक्यांत त्याला रस नाही. माणूस "मुंबईहून, नाही नाही, पुण्याहून" असं म्हणतो तेव्हा यंत्राने मुंबई टाकून पुणं धरायचं, एवढ्याशा गोष्टीपायी त्याची झोप उडालेली असते.

पूर्वजांच्या कथा तो भक्तिभावाने सांगतो. अमेरिकेत 1990 च्या सुमारास डार्पा या लष्करी संशोधन संस्थेच्या पैशांवर ‘एटिस’ नावाचं काम चाले. लोक विमानांच्या वेळा विचारत. यंत्रच ऐकतंय अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात आड बसलेला माणूस त्यांचं बोलणं टाइप करी. पुढे 1997 मध्ये एमआयटीने ‘ज्युपिटर’ काढलं, ते फोनवरून हवामान सांगे. "आणि तिथे तर खरंच यंत्र होतं हो!" हे सांगताना याचा गळा दाटतो.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टीआयएफआरने फोनवर मराठीतून शेतमालाचे भाव सांगणारी यंत्रणा उभारायला घेतली, त्यासाठी शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले. अशा कामात याच्या जातीला स्वर्ग दोन बोटं उरतो. कानाला हेडफोन लावून तो तासन् तास बसतो: खोकल्याला खूण, मागच्या ट्रॅक्टरला खूण, "अं"ला खूण. यंत्राला हवं असतं मालाचं नाव, जिल्हा, बाजार, एकेक करून. शेतकरी विचारतो, "काय म्हणतोय कांदा?" यंत्र गप्प. हा खुर्चीतून उठून दाद देतो. (बायकोच्या मते स्वतःच्या लग्नातही तो इतका खुलला नव्हता.)

उत्तम वक्त्यांचं त्याला वावडं. व्याख्यानमालेत हा मध्यंतरातच उठतो. "एकदासुद्धा अडखळला नाही. काय उपयोग?"

या नादात स्वतःचं बोलणं मात्र त्याने यंत्रासाठी घासूनपुसून ठेवलंय. एसटीच्या चौकशी खिडकीत तो एकेक शब्द सुटा करून विचारतो, "मला सोमवारी, सकाळी, नाशिकला जाणाऱ्या, पहिल्या गाडीची, वेळ, हवी आहे."

"काय?" आतले साहेब वैतागतात.

तो तेच पुन्हा म्हणतो, आणखी सावकाश. रांग चुळबुळते. शेवटी मागच्या बाई त्याच्या खांद्यावरून खिडकीत ओरडतात, "ओ, नाशिक... ती पहिली हो... सोमवारची!"

"पावणेसहा. फलाट तीन."