चित्रकलेचा तास कसा घ्यावा

पहिला तास चौकट आखण्यात घालवावा. कागदाच्या चारही बाजूंना एकेक पट्टीभर जागा सोडून रेघा मारायच्या, वाकडी गेली की खोडायची, पुन्हा मारायची. तेवढ्यात घंटा होते, कोणाचेही चित्र बिघडत नाही आणि मुख्याध्यापक व्हरांड्यातून समाधानाने पुढे जातात.

दुसऱ्या तासाला निसर्गचित्र. दोन डोंगर, मधून सूर्य, सूर्याखालून नदी, काठी झोपडी, नारळाचे झाड, आकाशात बरोबरच्या खुणांसारखे पक्षी. सोलापूरकडच्या माळावर वाढलेल्या पोरानेही हेच काढावे. त्याने बाभूळ आणि शेळी काढली तर 'निसर्ग कुठाय?' असे प्रेमाने विचारावे.

खरी डोकेदुखी सात-आठ वर्षांच्या मुलांची. त्यांची आई घरापेक्षा उंच असते, मांजरीच्या पोटातला उंदीर बाहेरून दिसतो आणि पंगतीतली माणसे ताटांभोवती चारी दिशांना आडवी पडलेली असतात. ताबडतोब लाल पेनने 'प्रमाण चुकले' लिहावे. मात्र अशा वर्गाची सहल अजिंठ्याला नेऊ नये. तिथे 17 क्रमांकाच्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेला बुद्ध यशोधरा आणि राहुल यांच्यापुढे कितीतरी पट मोठा रंगवलेला आहे. एखादी चिमुरडी 'याला किती मार्क?' विचारायची. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी तर 1947 सालच्या पुस्तकात हे सगळे त्या वयाला साजेसेच ठरवून टाकले. मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला माहीत असते आणि महत्त्वाचे वाटते ते काढते म्हणे. पालकसभेच्या आदल्या दिवशी असले काही वाचू नये.

आता मुख्य मुद्दा. तास सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच मागच्या बाकावरून आरोळी येते, 'सर, झालं!' यावर कधीही विश्वास ठेवू नये. (ते बहुधा खरेच झालेले असते. आपल्या कामाला हात लावणे कधी थांबवायचे हे मोठ्या चित्रकारांनाही लवकर उमगत नाही, पण ही कबुली वर्गात देण्याजोगी नाही.) 'मागे पांढरं राहिलंय, आकाश भर' असे सांगून परत पाठवावे. मूल ओल्या हिरव्यावर निळा ओढते, निळ्यात लाल उतरतो, पाण्याचा डबा कधीच चिखलाच्या रंगाचा झालेला असतो, आणि पाहता पाहता अख्खे गाव तपकिरी होते. इथे तुम्ही हळहळता. मूल हळहळत नाही. ते काळी बाटली उघडते, सगळ्यावर एक जाड हात फिरवते आणि सांगते, 'सर, रात्र झाली.' या मुलाला गुण द्यायचे नाहीत. जमल्यास त्याच्याकडे शिकवणी लावायची.

'हे काय काढलंय?' हा प्रश्न जरूर विचारावा. त्याने चार चित्रांत मूल सावध होते आणि पुढे विचारावे लागणार नाही असेच काढू लागते. म्हणजे डोंगर, सूर्य, नदी.

एवढी तयारी झाली की चित्रकलेच्या सरकारी परीक्षा: आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र उरकावे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ते पदरात पडले की रंगपेटी धाकट्या भावंडाला देऊन मुलाला गणिताच्या क्लासला घालावे. भावंडाने पहिल्याच दिवशी भिंत रंगवली तर तिलाही चौकट आखून द्यावी.