आभार नंतर माना, आधी बोला!

वाहिनीचा बूम तोंडापुढे आला की भल्याभल्यांच्या अंगात सत्कारमूर्ती संचारते. 'सर्वप्रथम मी आपल्या वाहिनीचे आभार मानतो', मग 'या ठिकाणी मला सांगावंसं वाटतं', मग थेट शिवकाळापासूनची पार्श्वभूमी. बातमीत बाइट चालणार जेमतेम वीस सेकंद. एडिटर काय लावणार? आभार तर नाहीच. शेवटी वैतागून तोंडातून गेलेलं अर्धं वाक्य लावतो आणि दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, 'माझ्या विधानाचा विपर्यास केला.' अहो, पहिल्याच वाक्यात उत्तर दिलं असतं तर कात्री चालवायला जागा कुठे होती?

आपल्याकडे तयारी होते ती जाकिटाची. तीही धड नाही. बारीक चौकड्यांचा शर्ट पडद्यावर लवलवत राहतो, मंगळसूत्र कॉलर माइकवर घासलं की घरोघरी नुसती खरखर. लाइव्हला प्रश्न कानात उशिरा पोचतो, तोवर साहेब मख्ख. पोचला की म्हणणार, 'माझा आवाज येतोय का?'

जे पढून येतात त्यांची वेगळीच तऱ्हा. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड यांनी २०११ साली संपावरच्या मुलाखतीत प्रश्न बदलला तरी तेच उत्तर घोळवून घोळवून दिलं. हिशेब चोख होता: बातमीत एकच तुकडा लागणार, तो आपल्याच पसंतीचा लागावा. पण न कापलेलं चित्रीकरण बाहेर आलं आणि जगभर हसं झालं. हल्ली तर अख्खी मुलाखत यूट्यूबवर पडते, तेव्हा पोपटांनी जपून.

माझा आदर्श गी गोमा. मे २००६ मध्ये हा गृहस्थ बीबीसीत नोकरीच्या मुलाखतीला गेला. पहिलं नाव तेच असलेला दुसराच एक संगणक-तज्ज्ञ समजून त्याला थेट स्टुडिओत बसवलं. ॲपल कंपनीच्या खटल्याचा निकाल लागला होता, त्यावर लाइव्ह प्रश्न. ओळख करून दिली तेव्हाचा त्याचा चेहरा एकदा बघाच! पण गडी डगमगला नाही. प्रश्न ऐकून घेतला, निकालाचं आश्चर्य वाटलं म्हणाला (खोटं काय त्यात?), थोडक्यात बोलला आणि उठला. आपल्या रात्रीच्या चर्चांतल्या निम्म्या 'ज्येष्ठ विश्लेषकां'पेक्षा बरा.

नोकरी मात्र त्याला मिळाली नाही.