निर्धोक अभिप्राय मिळविण्याची रीत

ज्या गृहस्थाने पदरमोड करून आणि रात्रीची झोप गहाण टाकून, लेखकाने ब्राउझरमध्ये मजकूर चिकटवावा आणि थोड्याच वेळात वाचनीय ई-पुस्तक हाती घ्यावे, अशी सोय करणारे एखादे उपकरण सिद्ध केले आहे, त्याच्या आयुष्यात कधी ना कधी असा दिवस उगवतोच की, ते उपकरण अन्य कोणा इसमाच्या हवाली करणे त्याला भाग पडते. अशा वेळी जाणकार मंडळी 'वापरणाऱ्यांची मते शक्य तितक्या लवकर घ्या' असा उपदेश करून मोकळी होतात. परंतु ती मते घेत असता उपकरण जसेच्या तसे कसे राखावे, आणि उपकरणकर्त्याच्या चित्ताची प्रसन्नता कशी सांभाळावी, याविषयी त्यांच्या ग्रंथांत चकार शब्द आढळत नाही. ती उणीव दूर व्हावी, आणि एकही फेरफार न करता विपुल अभिप्राय पदरी पाडून घेण्याची विद्या होतकरू तरुणांस साध्य व्हावी, या हेतूने पुढील कलमे सादर केली आहेत.

कलम १ : इसमांची निवड

जेकब नील्सन या डॅनिश पंडिताने २००० साली असे प्रतिपादन केले की, एखाद्या उपकरणातील बहुतेक दोष उघडकीस आणण्यास पाच माणसे पुरतात. एकटा माणूस सरासरीने ३१ टक्के दोष हुडकतो आणि पाचव्या माणसापर्यंत हा हिशेब ८५ टक्क्यांवर जातो, असा त्याचा दाखला आहे. पाच हा आकडा आपण शिरोधार्य मानावा, कारण तेवढ्या माणसांच्या चहापाण्याचा खर्च झेपण्यासारखा असतो; मात्र ती पाच माणसे खरोखर पुस्तक करू इच्छिणारी असावीत, ही त्यामागची अट सोयीस्करपणे दृष्टीआड करावी. निर्धोक इसमांचा क्रम असा : प्रथम सहधर्मचारिणी अथवा सहधर्मचारी, तदनंतर मावसभाऊ, मग कचेरीतील असा सहकारी, की ज्याची बढती आपल्या शिफारशीवर अवलंबून आहे, चौथा तो मित्र, जो स्वतः असेच काही उपकरण करीत असून पुढील महिन्यात आपल्याकडे मत मागावयास येणार आहे, आणि पाचवा, ज्याने आपल्याकडून पैसे उसने घेतले आहेत तो.

या पाचांपैकी एकाकडेही हस्तलिखित नसते, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण होय. हस्तलिखित नसलेला मनुष्य चार पडदे पाहतो, रंगसंगतीची वाखाणणी करतो आणि समाधानाने घरी जातो. हस्तलिखित असलेला मात्र बसल्याबरोबर 'हे यात कोठे घालू?' असे विचारतो, आणि संकटास आरंभ होतो.

कलम २ : मुहूर्त

फार लवकर मागितलेला अभिप्राय अमलात आणता येतो, हेच त्याचे मोठे वैगुण्य आहे. कागदावर पेन्सिलीने चार चौकोन काढून, 'येथे मजकूर, येथे मुखपृष्ठ' असे सांगत लेखकासमोर बसणारे उतावळे लोक आढळतात. तशात लेखक सहज म्हणून जातो की, 'मुखपृष्ठाचे पाहू मागाहून, आधी मुद्रितशोधकाच्या दुरुस्त्या कोठे भरावयाच्या ते सांगा,' आणि त्या एका वाक्यासरशी सारी मांडणी पुसून नव्याने करावी लागते. म्हणून आधी बोधचिन्ह करवून घ्यावे, उजळ आणि गडद अशी दोन रूपे सजवावी, मुखपृष्ठांचे नमुने डझनांनी तयार ठेवावे, सर्व्हरचे वर्षभराचे भाडे चुकते करावे, आणि मगच मत विचारावे. कारण तोवर कोणतीही सूचना मान्य करणे परवडू नये अशी तजवीज आपोआप झालेली असते.

संपादकांना विचारावयाचे झाल्यास भाद्रपद आणि आश्विन हे महिने उत्तम. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून या दिवसांत मराठी संपादक मुद्रितांच्या ढिगाऱ्यामागे अंतर्धान पावलेला असतो. 'दिवाळीनंतर बोलू' एवढेच तो म्हणतो, आणि आपण त्याची नोंद 'संपादकवर्गाने विशेष उत्सुकता दर्शविली' अशी करावी.

कलम ३ : प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिकाचा पहिला नियम असा की, माउस शेवटपर्यंत आपल्याच हाती राहावा. पाहुण्याच्या मनात शंका उद्भवण्यापूर्वीच आपण योग्य ते बटन दाबून पुढल्या पडद्यावर पोहोचलेले असावे, म्हणजे उपकरण किती सुगम आहे याविषयी उभयतांचे एकमत होते.

दुसरा नियम नमुन्याच्या मजकुराविषयीचा. ई-पुस्तकाची ईपब फाइल म्हणजे झिप करून बांधलेले वेबपानांचेच दप्तर असल्यामुळे, त्यातील प्रत्येक अक्षर वाचकाच्या यंत्रावरील फॉन्टच्या आणि वाचनाच्या ॲपच्या मर्जीवर जगते; आणि मराठी अक्षर या बाबतीत फार मानी आहे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतील र कोणी टिंब असलेल्या ऱ ने लिहितो, तर कोणी साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन साधतो; डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन परस्परांस अनोळखी शब्द वाटू शकतात, आणि ते अदृश्य चिन्ह वाटेत गळून पडले, तर बिचारा र रफार होऊन पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. पुस्तकाची भाषा मराठी आहे, अशी नोंद आत करावयाची राहिली, की कित्येक फॉन्ट ल आणि श यांना निमूटपणे हिंदीचे वळण देतात. कवितेची ओळ मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मध्येच मोडते आणि कवीच्या मनात नसलेले यमक निर्माण करते. लांबलचक सामासिक शब्दांच्या परिच्छेदाला दोन्ही कडांशी ताणून बसविले, तर ओळीओळीत खिंडारे पडतात. सबब नमुन्याच्या मजकुरात कविता, तळटीप, तक्ता आणि उपरोक्त र यांना मज्जाव असावा, आणि इयत्ता पहिलीच्या क्रमिक पुस्तकात शोभावा असा जोडाक्षरविरहित परिच्छेद आपणच टंकून ठेवावा.

कलम ४ : प्रश्नावली

जॉन ब्रुक यांनी १९८६ साली रचलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही प्रचारात आहे, परंतु ती आपल्या कामाची नाही. कारण तीत एक विधान अनुकूल तर पुढचे प्रतिकूल अशी योजना असल्यामुळे, प्रत्येक विधानाला मान डोलावणाऱ्या सज्जनाला मध्येच थांबून विचार करावा लागतो, आणि विचार करू लागलेल्या पाहुण्याचा भरवसा देता येत नाही. आपली प्रश्नावली अशी असावी : 'हे उपकरण आपणास कितपत सोपे वाटले — पुष्कळ, फार, की अत्यंत?' किंवा 'पुढेमागे पुस्तक काढलेत, तर ते आपण यावरच काढाल ना?'

रॉब फिट्झपॅट्रिक यांनी २०१३ साली 'द मॉम टेस्ट' या पुस्तकात तर याहून घातक सल्ला दिला आहे. आपल्या कल्पनेविषयी अवाक्षर न काढता समोरच्याने आजवर काय केले तेवढेच विचारावे, म्हणजे प्रत्यक्ष जन्मदात्रीलाही अपत्यप्रेमापोटी खोटे बोलता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. याचा प्रयोग करून 'आपले मागील पुस्तक कसे निघाले?' असे एखाद्या मराठी लेखकाला विचारून पाहावे. डीटीपीवाल्याने किती हेलपाटे घालावयास लावले, तिसऱ्या मुद्रितात दुरुस्त केलेली चूक चौथ्यात कशी परत आली, छापलेल्या प्रतींचे गठ्ठे कोणत्या पलंगाखाली आहेत, याची साद्यंत कैफियत तो दोन तास सांगेल. त्याची खरी अडचण कोणती, हे त्यातून लख्ख दिसेल. आणि त्या अडचणीवर आपल्या उपकरणात कोणतीही तरतूद नाही, हेही दिसेल. एवढे दिसावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने ही मार्गदर्शिका येथेच मिटावी.

कलम ५ : शेऱ्यांची वासलात

इतकी खबरदारी घेऊनही एखादा प्रतिकूल शेरा हाती पडतोच. त्यासाठी तीन दप्तरे राखावी. पहिले 'वापरणाऱ्याची चूक'; यात सर्वाधिक भरणा होतो. दुसरे 'पुढील आवृत्तीत'; यात टाकलेला कागद पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तिसरे 'अपवादात्मक प्रकरणे'. जी अडचण केवळ मराठीत लिहिणाऱ्यांना येते ती यात दाखल करावी, मग उपकरण मराठीत लिहिणाऱ्यांसाठीच केलेले असले तरी हरकत नाही.

यंत्राचा अभिप्राय ही मात्र नाजूक बाब आहे. ईपबचेक नावाचा एक तपासनीस प्रोग्राम विनामूल्य मिळतो. पुस्तक नियमांबरहुकूम आहे की नाही, हे तो फाइलीच्या नावासह आणि ओळीच्या क्रमांकासह सांगतो, त्याला भीडमुर्वत नाही आणि तो कोणाचा मावसभाऊही नाही. त्याने दिलेली यादी लांबली, तर 'तांत्रिक स्वरूपाची बाब, सर्वसामान्य वाचकास तसदी नाही' असा शेरा मारून ती दप्तरदाखल करावी. काही ई-दुकानांच्या दारावर हाच तपासनीस पुन्हा भेटतो आणि तेथे पुस्तक परत पाठवितो. पण ते लेखकाला समजते, आपल्याला नव्हे.

कलम ६ : वर्ज्य प्रकार

आता जो प्रकार कटाक्षाने टाळावयाचा, त्याचे वर्णन सविस्तर करणे प्राप्त आहे, कारण ते मोघम राहिल्यास अजाणता हातून घडण्याची भीती असते. आयबीएममधील क्लेटन लुईस यांनी १९८२ साली पुरस्कारलेली रीत अशी : ज्याला खरेच काही काम उरकावयाचे आहे, अशा मनुष्याला यंत्रासमोर बसवावे, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहण्यास सांगावे, आणि आपण मागे गप्प बसावे. सारे क्रौर्य शेवटच्या दोन शब्दांत साठलेले आहे.

समजा, एक निवृत्त मुख्याध्यापक आपले आत्मचरित्र पेनड्राइव्हवर घेऊन आले. ते त्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपी केंद्रात श्रीलिपीत टंकून घेतलेले असते. त्या काळच्या अशा फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेली असल्यामुळे, मजकूर उपकरणात चिकटवताच बालपणापासूनचा सारा जीवनपट इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांच्या खिचडीत अवतीर्ण होतो. गुरुजी चष्मा पुसतात आणि म्हणतात, 'माझेच काहीतरी चुकले असेल.' या क्षणी आपण तोंड उघडावयाचे नाही. कोणीतरी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिल्यावर ते अर्पणपत्रिकेची जागा शोधू लागतात. उपकरणात 'प्रकरण जोडा' एवढीच सोय असल्याने, दिवंगत मातोश्री या पहिले प्रकरण होतात, मनोगत दुसरे आणि ऋणनिर्देश तिसरे. अनुक्रमणिकेपुढे पृष्ठांक दिसत नाहीत म्हणून ते चिंतातुर होतात. अक्षर मोठे करताच येथे पाने सरकतात, तेव्हा पृष्ठांकास अर्थ उरत नाही, हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. शेवटी 'प्रकाशित करा' या बटनावर त्यांचे बोट येऊन थबकते. हे दाबले तर पुस्तक तत्क्षणी जगभर जाईल आणि शुद्धलेखनाच्या चुका विद्यार्थी पाहतील, या भयाने ते हात मागे घेतात. त्या बटनाने फक्त फाइल तयार होते, हे ठाऊक असलेला एकमेव मनुष्य खोलीत मागे ओठ आवळून बसलेला असतो. अखेर धीर करून ते बटन दाबतात, फाइल उतरते, ती कोठे उतरली ते सापडत नाही, सापडल्यावर व्हॉट्सॲपवरून कन्येकडे जाते, आणि कन्येचा उलट प्रश्न येतो : 'बाबा, हे उघडत नाही. पीडीएफ पाठवा ना.'

या एका बैठकीत गुरुजींनी उपकरणाविषयी एकही मत दिलेले नसते, आणि तरीही उपकरणकर्ता त्याच रात्री जुने फॉन्ट ओळखणारे रूपांतर लिहावयास बसतो, अर्पणपत्रिकेसाठी स्वतंत्र पान राखतो आणि त्या बटनाचे नाव 'पुस्तकाची फाइल तयार करा' असे बदलतो. मागील पाच इसमांच्या स्तुतीने वर्षभरात जे बिघडले नव्हते, ते असे एका तासात बिघडते. म्हणून हा प्रकार वर्ज्य.

इतके करूनही, उपकरण सुधारल्याबद्दल चार शब्द ऐकावयास मिळतील अशी आशा कोणी बाळगू नये. ज्याचे पुस्तक सुखरूप तयार झाले, तो उपकरण केव्हाच विसरलेला असतो. महिन्याभराने गुरुजींचा निरोप येतो. सोबत पूर्ण झालेले आत्मचरित्र असते, आणि 'आपला प्रांजळ अभिप्राय आठ दिवसांत कळवावा' अशी विनंती असते. अशा वेळी 'भाषा ओघवती असून अनुभवविश्व समृद्ध आहे' असे तत्काळ कळवून मोकळे व्हावे. तत्पूर्वी फाइल उघडण्याचा मोह मात्र आवरावा. मनोगताच्या पहिल्याच परिच्छेदात 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झालेले आढळण्याचा दाट संभव असतो, आणि मग ती रात्रही गेली.